आमच्या विहिरीचं पाणी

आमच्या घरात बाजारातून मीठ यायचं, आणि फारच अडलं तर रॉकेल. बाकी काही नाही. आबांचा तसा नियम होता.

"मीठ समुद्रनं," ते म्हणायचे. "ते आपला वावरमा व्हत नही. बाकी बठ्ठं आपलं."

आबा म्हणजे माझे वडील. शेतात येण्याआधी ते धुळ्याला कापडगिरणीत साच्यावर होते. माझा जन्म तिथलाच, गिरणीच्या मागच्या एका खोलीतला. गिरणी महिनोन्महिने बंद राहायची. आबा रोज सकाळी फाटकाशी जाऊन उभे राहायचे आणि ऊन चढलं की परत यायचे. त्या दिवसांत माझ्या मामाने एका ट्रकवाल्याबरोबर ज्वारीचं पोतं पाठवलं आणि निरोप पाठवला की भाच्यांना उपाशी ठेवू नका. पोतं दारात उतरलं तेव्हा आजूबाजूचे सगळे बघत होते. माय रडली, सुटल्यासारखी. आबा नुसते पोत्याकडे बघत राहिले. ती ज्वारी आम्ही खाल्ली, त्यांनीही खाल्ली. पण ती संपली त्याच आठवड्यात त्यांनी खोली सोडली आणि आम्हाला घेऊन गावी आले.

गाव आग्रा रोड सोडून आत, शिरपूरच्या अलीकडे. आम्ही गावातही राहिलो नाही. गावापासून लांब, नाल्याच्या काठावर आबांच्या वाट्याची थोडी काळी जमीन होती आणि तिच्यात एक दगडी बांधणीची विहीर होती. तिथेच आबांनी आणि मायने एका हिवाळ्यात पांढऱ्या मातीच्या विटा पाडून घर उभं केलं. माझी मोठी बहीण, जिला मी अक्का म्हणायचे, चिखल तुडवायला होती. मी लहान होते, मला विटा मोडू न देण्याचं काम होतं, म्हणजे कुत्र्याला हाकलण्याचं.

विहिरीला तेव्हा बारमाही पाणी होतं. बैलजोडी धावेच्या उतारावरून खाली जायची, चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची, आणि पाणी पाटाने वांग्यांना, मिरचीला, कांद्याला, गव्हाच्या वाफ्यांना जायचं. आबा बैल हाकायचे. दारं धरायचं, म्हणजे एका वाफ्याचं पाणी भरलं की माती ओढून दुसऱ्या वाफ्यात वळवायचं, हे काम अक्काचं. ती त्यात इतकी तयार होती की पाटाच्या आवाजावरून तिला कळायचं पाणी कुठे फुटलंय.

आबा गिरणीतले विणकर. त्यांनी गावच्या सुताराला धान्य देऊन त्याच्याकडून लाकडाचा माग करून घेतला, घराच्या मागच्या पडवीत खड्डा खणून तो बसवला. कापूस आमचाच. माय सरकी काढायची, पेळू वळायची, चरख्यावर सूत काढायची आणि पावसाळ्यात शेतीची कामं थांबली की आबा कापड विणायचे. ते इतकं जाड व्हायचं की भिजलं की दोन-दोन दिवस वाळत नसे. त्याच कापडाचे आमचे परकर-पोलके, त्याचीच मायची लुगडी, त्याचंच आबांचं धोतर. शाळेत पोरी आम्हाला 'गोणपाटवाल्या' म्हणायच्या. मी रडत घरी यायचे. अक्का रडायची नाही, ती मारायची.

खोटं कशाला सांगू, चांगलेही दिवस होते. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकरी, वर करडईचं तेल. आबा जेवताना ताटातल्या एकेका पदार्थावर बोट ठेवायचे आणि आम्हाला विचारायचे, हे कुठून आलं? आम्ही ओरडायचो, आपल्या वावरातून! त्यांचा चेहरा तेव्हा जसा व्हायचा तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. माय त्या वेळी चुलीपाशी असायची. ती आमच्यानंतर जेवायची. काय उरायचं ते मी कधी पाहिलं नाही, कारण तोवर आम्ही उठलेलो असायचो.

दूध असायचं, पण आम्हाला मिळायचं ताक. लोण्याचं तूप व्हायचं, आणि ते तूप लोहाराला, तेल्याला, मोट शिवून देणाऱ्या कारागिराला जायचं. पैसा घरात आणायचा नाही म्हटल्यावर कशाच्या तरी बदल्यात काहीतरी द्यावं लागतंच. ते दूध होतं. आणि त्याहून जास्त मायची कंबर होती. ती पहाटे जात्यावर बसायची, मग म्हैस, मग पाणी, मग चूल, मग वावर, दुपारी चरखा, पुन्हा वावर. धुळ्याच्या खोलीत तिच्या कुशीत झोपल्याचं मला आठवतं. मळ्यातल्या घरात ती झोपलेली मला आठवतच नाही.

एकदा चुलीतला विस्तव विझला. राखेखाली गोवरी झाकून ठेवायची आमची पद्धत, काडीपेटी घरात नसायची. त्या दिवशी पहाटेच्या पावसात पाणी चुलीत उतरलं होतं. मायने मला नाल्यापलीकडच्या वस्तीवर पाठवलं. मी खापरात निखारे घेऊन धावत आले. आबा दारात उभे होते.

"विस्तू कोठेन लई उनी?"

मी सांगितलं.

ते मायकडे वळले. "आपला घरमा आते आगबी नही का?"

"व्हती. विझनी," माय म्हणाली. "पोरी उपाशी शाळामा जातीन का?"

आबांनी माझ्या हातातलं खापर घेतलं आणि अंगणात उलटं केलं. निखारे ओल्या मातीत चरचरले. मग ते गारगोटी आणि कापूस घेऊन बसले. ठिणगी पडायची, कापूस दमट असल्याने धरायची नाही. आम्ही शाळेत तशाच गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा चूल पेटलेली होती. ती कुणी आणि कशी पेटवली हे घरात कुणी बोललं नाही.

अक्का सातवी पास झाली तेव्हा शाळेचे मास्तर मळ्यात आले. बाजेवर बसून त्यांनी आबांना सांगितलं, मुलगी हुशार आहे, धुळ्याला पाठवा, पुढे शिक्षिकेचं ट्रेनिंग घेईल, सरकारी नोकरी लागेल. आबांनी त्यांना ताक दिलं, गुळाचा खडा दिला. तो गूळही आमच्याच उसाचा.

"गुरुजी, ती नोकरी करी आनि काय करी?" आबा म्हणाले. "इकत लई खाई. आठे तिले काय कमी शे?"

"कमी काही नाही भाऊ. पण तिला जायचंय का ते तरी विचारा."

आबांनी अक्काला हाक मारली. ती पाटात उभी होती, हातात फावडं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे.

"तुले जावानं शे का?"

ती मान खाली घालून उभी राहिली. मग म्हणाली, "मी गऊ ते दारं कोन धरी?"

आबा मास्तरांकडे बघून हसले, जणू प्रश्न सुटला. मास्तर हसले नाहीत. ताक तसंच ठेवून ते गेले. त्या दिवशी अक्काने वांग्याच्या वाफ्यात इतकं पाणी सोडलं की रोपं तरंगली.

आमच्या बांधाला लागून जी जमीन होती ती गावातल्या किराणा दुकानाच्या शेठने विकत घेतली. त्यांचे पणजोबा कधीतरी राजस्थानातून आले होते. शेठ स्वतः आमच्यासारखीच अहिराणी बोलायचे, फक्त घरात त्यांची वेगळी बोली. माणूस वाईट नव्हता, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. वाईट असता तर आबांना सोपं गेलं असतं.

त्याच सुमाराला विजेचे खांब गावाच्या बाहेर येऊ लागले. शेठने त्या जमिनीतली विहीर खोल करून घेतली, सुरुंग लावून. दणका बसायचा तेव्हा आमच्या फळीवरची मडकी हलायची. मग मोटर बसली, आणि शेठने केळी लावली. आम्ही पोरी बांधावर उभ्या राहून बघायचो. नळातून मांडीएवढी जाड धार पडायची, बैल नाही, माणूस नाही, नुसता एक घुंई असा आवाज. अक्का म्हणाली, "याले दारं धराले दहा मानसं लागतीन."

पहिल्या वर्षी काही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी माघातच मोटेबरोबर गाळ यायला लागला. आबा मोट थांबवायचे, पाणी साचू द्यायचे आणि पुन्हा हाकायचे. गहू अर्धा वाळला. ते म्हणाले, अवंदा पाऊस कमी झाला. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि पाणी त्याहून लवकर गेलं. विहिरीच्या काठावर पोटावर पडून ते आत बघत राहायचे. बांधापलीकडे मोटर चालू असायची.

शेठ स्वतः चालत आले. डोक्यावर टोपी, हातात छत्री. आबांनी बाज टाकली.

"भाऊ," शेठ म्हणाले, "तुमनी हीर आटनी, माले दिखस. जमीननं पोट एकच शे. मी पाट काढी देस तुमना वावरकडे. सांजले पानी ल्या. माले काही नको."

माय दाराआडून ऐकत होती. मी तिच्या पदराला धरून होते आणि तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती.

आबा म्हणाले, "शेठ, तुमनं मन मोठं शे. पन आज तुमनं पानी लिसु, सकाय तुमनी मर्जी लिसु. नही जमाव."

"अहो, पानी मन्हं थोडंच शे?"

"मंग कोननं शे?"

शेठने छत्री उचलली. ते उठले. जाताना मायला म्हणाले, "वहिनी, तुम्ही तरी समजाडा." माय आत निघून गेली. तिने आबांना काही समजावलं नाही. समजावण्याची सवय तिला कधी नव्हतीच.

त्या उन्हाळ्यात आम्ही विहीर खणली. आम्ही म्हणजे आबा, माय, अक्का आणि मी. सुरुंगवाला आबांना नको होता, मजूर नको होते. आबा तळाशी घण आणि छिन्नी घेऊन बसायचे. वरचा मुरूम पहिल्या काही दिवसांत निघाला आणि मग काळा पाषाण लागला. दिवसभर घाव घातले की टोपलीभर कपच्या निघायच्या. त्या टोपल्या माय आणि अक्का विहिरीच्या आतल्या पायऱ्यांनी डोक्यावरून वर आणायच्या. त्या पायऱ्या म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले नुसते दगड. मी काठावर टोपली घ्यायची आणि नाल्यात रिकामी करायची. दुपारी दगड इतके तापायचे की अक्काने पायांना चिंध्या बांधल्या होत्या.

मायला तेव्हा दिवस गेले होते. मला माहीत नव्हतं. अक्काला माहीत होतं. आबांना माहीत होतं की नाही, हे मी आजवर कुणाला विचारलं नाही, आणि आता विचारायला कुणी नाही.

एका दुपारी माय पायऱ्यांच्या मध्यावर थांबली. डोक्यावर टोपली तशीच. मी वरून म्हटलं, माय, ये ना. तिने वर बघितलं, टोपली हळूच, अगदी हळूच, खाली कुणाला लागू नये अशी पायरीवर टेकवली आणि भिंतीला धरून खाली बसली. तिच्या लुगड्यातून पायरीवर रक्त उतरत होतं. खाली छिन्नीचा आवाज चालूच होता.

"आबा!" अक्का ओरडली. "आबा, घन ठेवा!"

आबांनी तिला पाठीवर घेऊन वर आणलं. गाडी जुंपली. आग्रा रोडवर एक ट्रकवाला थांबला आणि त्याने आम्हाला धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात सोडलं. मला बरोबर घेतलं कारण घरी म्हशीपाशी अक्का हवी होती. मूल गेलं. मुलगा होता, असं नर्सने मायला सांगितलं. मायने विचारलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई उंच होत्या, चष्मा होता. त्यांनी मायच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि आबांना म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्तच नाही. काय खाते ही?"

आबा ताठ झाले. "बठ्ठं घरनं, बाई. इकतनं काहीच नही."

"घरात काय पिकतं ते नाही विचारत मी. ही काय खाते?"

आबा मायकडे बघायला लागले. माय छताकडे बघत होती. मला वाटलं, आता ते सांगतील. पण त्यांना खरंच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मायला तिथे बरेच दिवस ठेवलं. आबा दोन-तीन दिवसांआड यायचे. येताना फडक्यात भाकरी, ठेचा, कांदा बांधून आणायचे, दवाखान्याचं अन्न तिने खाऊ नये म्हणून. माय त्यांच्यासमोर ती भाकरी खायची. ते गेले की वॉर्डातली बाई पाव आणि दूध आणायची, तेही ती खायची. चहा प्यायची, बशीत ओतून, डोळे मिटून. दुपारी झोपायची. तिच्या अंगावर दवाखान्याची पांढरी चादर असायची, पातळ, मऊ, आणि ती चादरीची कड दोन बोटांत धरून चोळत राहायची. हातांवरचे घट्टे हळूहळू सुटायला लागले होते.

एकदा मी तिला विचारलं, "माय, आपुन घर कधय जावानं?"

ती माझ्याकडे वळली. आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "पोरी, माले आठेच ऱ्हाऊ दे. आठे माले कोनी उठाडत नही."

मग हसली. मी पण हसले. मला वाटलं, ती गंमत करतेय.

घरी आलो तेव्हा विहीर जिथे होती तिथेच होती. आबांनी एकट्याने आणखी हातभर दगड फोडला होता, आणि त्या खड्ड्यात घागर बुडेल एवढं पाणी होतं. प्यायला पुरायचं. मोटेला नाही. वांगी गेली, मिरची गेली, ऊस म्हशीला घातला. पावसावर येईल तेवढी ज्वारी आणि कापूस, एवढंच राहिलं. माय पुन्हा जात्यावर बसली, पण जातं थांबत थांबत चालायचं आणि मधेच बराच वेळ आवाज येत नसे. मी जाऊन बघायचे तर ती खुंट्याला धरून बसलेली असायची.

अक्काने कुणाला विचारलं नाही. एका सकाळी ती बांध ओलांडून शेठच्या केळीत कामाला गेली. वाळलेली पानं कापायची, बुंध्यापाशी फुटलेली पिलं काढायची, घड उचलायचे. संध्याकाळी आली ती ओच्यात केळी घेऊन. पिकलेली, पिवळी. मी तोवर केळं फक्त सत्यनारायणाच्या प्रसादात खाल्लं होतं. अक्काने आम्हाला दिली आणि एक आबांसमोर ठेवलं.

"मी नही खास," आबा म्हणाले.

"खा आबा," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "हाई आपलंच पानी शे."

आबा उठून मागाकडे गेले. मागावर तेव्हा सूत चढवलेलं नव्हतं. तरी ते खड्ड्यात पाय सोडून बसले, आणि पायपट्ट्या दाबल्याचा खट् खट् आवाज येत राहिला. केळं रात्रभर तिथेच पडून होतं. सकाळी मुंग्या लागल्या होत्या. मायने ते धुऊन खाल्लं.

अक्काचं लग्न त्याच वर्षी झालं, जामनेरकडच्या पहूरला. आबांनी स्थळ लगेच पसंत केलं कारण तिकडच्यांना हुंडा नको होता. नवरा बिजवर होता, पहिलीच्या दोन मुलांसह. अक्काला हळद लागली तेव्हा ती मला म्हणाली, "आते दारं तू धर." आणि मग तिच्याच लक्षात आलं की पाटाला आता पाणीच नाही. ती मला पुढे दोन वर्षांनी भेटली. मास्तरीण झाली असती ती. तिच्या हातात सावत्र पोराची पाटी होती आणि ती त्याच्यावर इतकी ओरडत होती की मी बाहेरच थांबले.

बैल विकले. वैरण पुरत नव्हती, आणि मोटच नाही तर बैल कशाला, असं शेवटी आबाच म्हणाले. दोंडाईच्याच्या बाजारात त्यांना घेऊन गेले आणि हातात दोर घेऊन परत आले. माग काही दिवस चालला, मग कापूसच घरापुरता निघेना.

आणि मग आबा शेठकडे कामाला लागले. ही गोष्ट मी अनेकदा लोकांना सांगितली, आणि दरवेळी ते विचारतात की शेठने त्यांना नमवलं का. तसं काही झालं नाही. शेठचा मोटरीवरचा माणूस नोकरी सोडून गेला होता. ते आमच्या दारात आले आणि अवघडून म्हणाले, "भाऊ, पानीनं तुमले कळस तेवढं गावमा कोनले कळत नही. मोटरवर बसशात का?" आबांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. म्हणाले, "बससु." त्या एका शब्दात काहीही नव्हतं, राग नाही, लाज नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

वीज यायची-जायची. ती आली की आबा खटका दाबायचे आणि विहिरीच्या काठावरच्या पत्र्याच्या खोपटात बसून राहायचे. मी दुपारी त्यांना भाकरी द्यायला जायचे. ते पाण्याकडे बघत नसत. पाठमोरे बसायचे, आमच्या वावराकडे तोंड करून. केळीच्या रांगा तोवर पार आमच्या बांधाला टेकल्या होत्या आणि आमचं वावर त्यांच्यापुढे तपकिरी दिसायचं. मी एकदा त्यांच्याजवळ बसले. त्यांनी भाकरी खाल्ली आणि फडकं झटकून माझ्या हातात दिलं.

मग दुष्काळ आला, बहात्तरचा. आधीच्या वर्षी पाऊस ओढलाच होता, त्या वर्षी आलाच नाही. तोवर आजूबाजूला अनेकांनी मोटरी बसवल्या होत्या आणि एकेक विहीर दुसरीपेक्षा खोल गेली होती. दिवाळीनंतर शेठच्या विहिरीतही मोटर हवा ओढायला लागली. आबांनी ती बंद केली, चालू केली, बंद केली. केळीची पानं आधी कडेने पिवळी पडली, मग झाडं कमरेत मोडून पडायला लागली, घडासकट. ती पडताना आवाज होत नाही. सकाळी बघावं तर आणखी एक रांग आडवी.

शेठ एका दुपारी आमच्या अंगणात येऊन बसले. आबांनी पाणी विचारलं नाही, कारण घागरीत मोजकंच होतं. शेठनेही मागितलं नाही.

"भाऊ," शेठ म्हणाले, "मी सुरुंग लायना नसता ते तुमनी हीर टिकती का?"

आबांनी विचार केला. खरंच केला, मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते. "एखादं साल टिकती," ते म्हणाले. "मंग दुसऱ्यानी लावता."

"मंग आते?"

"आते काय. आते काही नही."

शेठ मान हलवत राहिले. मग छत्री घेऊन गेले. दुकान चालू होतं, त्यांचं निभावलं. जमीन त्यांनी तशीच पडीक टाकली.

आम्ही रस्त्याच्या दुष्काळी कामावर गेलो, मी, माय आणि आबा. बसून खडी फोडायची. तिथे संध्याकाळी सुकडी मिळायची, सरकारी, पिवळट, गोडसर. मायने ओंजळ पुढे केली तेव्हा मी आबांकडे बघितलं. आबांचीही ओंजळ पुढे होती. त्यांनी ती उभ्या उभ्याच खाल्ली, हात चाटला आणि घोटभर पाणी पिऊन पुन्हा हातोडी उचलली.

पुढचा पाऊस चांगला झाला असं लोक म्हणतात. आम्ही तोवर धुळ्याला निघून आलो होतो. आबांना कुठे काम मिळण्याचं वय राहिलं नव्हतं. एका गोदामाच्या दारात ते बसायचे, त्यांना रखवालदार म्हणायचे, पण गोदामाला कुलूप होतं आणि त्यांच्यावाचूनही ते तसंच राहिलं असतं. माय भाड्याच्या खोलीत आल्यावर दोन वर्षं जगली. त्यातला बराच काळ ती झोपून होती, डोळे उघडे ठेवून. मी तिला विचारायचे काही हवं का. ती नाही म्हणायची. खरंच काही नको असायचं तिला.

जमीन आबांनी शेवटपर्यंत विकली नाही, पण ते पुन्हा तिकडे गेलेही नाहीत. ते वारल्यावर मी एकदाच बघून आले. घर पावसाने बसलं होतं, विटांचा नुसता ढीग. विहिरीत बाभळी उगवल्या होत्या. बांधावर एक पोरगी शेळ्या घेऊन उभी होती. तिने मला विचारलं, "बाई, हाई कोननं वावर शे?"

मी तिला सांगितलं, कुणाचं नाही.